गृहशिक्षणातील व्याकरण अभ्यासक्रम

गृहशिक्षणातील व्याकरण अभ्यासक्रम म्हणजे शाळेऐवजी घरी शिकणाऱ्या मुलांना व्याकरण शिकवण्यासाठी पालकांनी निवडलेली क्रमबद्ध पाठ्यसामग्री होय. निरनिराळ्या वयांच्या भावंडांना एकच पालक शिकवत असल्यास त्याच्या वेळेवर ताण येतो. त्यामुळे ही निवड महत्त्वाची ठरते.

अमेरिकेतील इंग्रजी अभ्यासक्रमांत याची दोन रूपे आढळतात. जेसी वाइज यांच्या ‘फर्स्ट लँग्वेज लेसन्स’ मालिकेत पहिली ते चौथीसाठी चार स्वतंत्र स्तर असून आरंभीचे पाठ छोटे व मुख्यतः तोंडी आहेत. सुझन वाइज बाउर यांच्या ‘ग्रामर फॉर द वेल-ट्रेन्ड माइंड’मध्ये एका मुख्य पुस्तकाला चार सरावपुस्तके जोडलेली आहेत, नियम तेच राहतात, सरावाची वाक्ये बदलतात. त्यामुळे मोठी भावंडे एकाच पाठाला बसू शकतात, लहानांचा पाठ मात्र वेगळा ठेवावा लागतो.