मात्रा लागू पडते ती घड्याळावर

मावशीच्या गोळ्यांची पट्टी चौथ्या दिवशीही जवळजवळ भरलेलीच होती. कर्करोग हाडांत उतरलेला, रात्री कूस बदलताना तोंडून ‘आई गं’ निघायचं आणि औषध मात्र डब्यात. विचारलं तर म्हणाली, “अरे, ही शेवटची गोळी. आत्ताच संपवली तर पुढे काय घेऊ?”

जुन्या घरांत कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं, की वैद्य हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवायचे. सहाण बाहेर आली, की घरातले काय ते समजायचे. मावशी मॉर्फिनच्या गोळीकडे त्याच नजरेनं पाहत होती. म्हणून ती गोळी पुरवून पुरवून, अगदीच असह्य झालं की घेत होती. ही समजूत तिची एकटीची नाही. कर्करोगाचा पेशंट असलेल्या अनेक घरांत ती भेटते. दुसऱ्या टोकाला, कंबर धरली म्हणून कुणाच्या तरी उरलेल्या स्ट्रिपमधली ट्रॅमाडॉल सहज तोंडात टाकणारी घरंही आहेत. एका घराला औषधाची भीती वाटते, दुसऱ्याला अजिबात वाटत नाही. औषधाचा हिशोब मात्र दोघांनाही माहीत नसतो.

मॉर्फिन हे अफूतलं मुख्य वेदनाशामक द्रव्य. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्यानं ते अफूपासून वेगळं काढलं. त्यामुळे पहिल्यांदाच या औषधाचं नेमकं माप घेता येऊ लागलं, कारण कच्च्या अफूत त्याचं प्रमाण दर पिकाला बदलतं. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही सगळी ओपिऑइड कुळातली औषधं. मेंदूत आणि मज्जारज्जूत ठरावीक जागी चिकटून ती दुखण्याचा निरोप अडवतात. पण तशाच जागा मेंदूच्या बुडाशी, श्वासावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रातही असतात. मात्रा प्रमाणाबाहेर गेली, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठूनही श्वास घेण्याचा हुकूम सुटत नाही. या औषधांचा जीवघेणा धोका मुख्यतः इथे आहे.

मग सुरक्षित मात्रा किती? सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. मोठ्या माणसाला तोंडावाटे मॉर्फिन सुरू करताना डॉक्टर साधारण ५ ते १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, असं लिहितात. वय झालेल्या, खंगलेल्या पेशंटला अडीच ते पाचपासून. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर आणखी जपून, कारण मॉर्फिनपासून यकृतात तयार होणारी द्रव्यं लघवीवाटे बाहेर पडतात. ती साठली की गुंगी चढत जाते. दुखणं वाढलं तर डॉक्टर मात्रा पायरीपायरीनं वाढवतात. शरीर सरावतं, श्वासाचं केंद्रही सरावतं. म्हणून महिनोन्‌महिने औषध घेणारा पेशंट जी मात्रा पचवून बसून गप्पा मारतो, तीच पहिल्यांदा घेणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. आणि सराव काही दिवसांच्या खंडानंही ओसरतो. औषध मध्येच बंद पडलं असेल, तर जुन्या मात्रेवर थेट परतायचं नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

मावशीकडे आलेल्या नर्सबाईंनी बोलण्याआधी एक वही मागितली. पान आखून रकाने पाडले: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. “दुखेपर्यंत थांबायचं नाही. मागच्या गोळीचा जोर चार तासांत उतरतो. तो उतरायच्या आत पुढची,” त्या म्हणाल्या. रात्री दहाच्या रकान्यात १० ऐवजी २० लिहिलं होतं. डॉक्टरांनी ती मात्रा मुद्दाम दुप्पट ठेवली होती, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागू नये. दिवसाची बेरीज ६० मिलिग्रॅम. अधेमधे कळ उठलीच तर दिवसाच्या मात्रेचा सहावा हिस्सा, म्हणजे १० मिलिग्रॅम, जादा घ्यायचे आणि ते शेवटच्या रकान्यात वेगळे मांडायचे. “ह्या रकान्यात रोज तीन-चार नोंदी दिसल्या, की मूळ मात्रा अपुरी आहे असं डॉक्टरांना कळतं. तुम्ही आपल्या मनानं वाढवायची नाही. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.” तिसऱ्या रात्री मावशी सकाळपर्यंत झोपली. वहीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘दुखणं ८ वरून ३.’

बारा तास पुरणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या कुटायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. तसं केलं तर बारा तासांचं औषध एकदम रक्तात उतरतं. फेंटानिलचा पट्टा त्वचेवर लावतात आणि बहुधा तीन दिवसांनी बदलतात. तो ओपिऑइडला सरावलेल्या पेशंटसाठीच असतो. त्यावर शेकाची पिशवी ठेवली किंवा ताप चढला, तर औषध जास्त वेगानं शरीरात शिरतं. वापरलेल्या पट्ट्यातही औषध उरतं, म्हणून तो चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

ट्रॅमाडॉल ‘हलकी गोळी’ म्हणून खपते, पण तिला कमाल मर्यादा आहे: दिवसाला ४०० मिलिग्रॅम, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ३००. फिट्स येणाऱ्यांना आणि नैराश्यावरची काही औषधं घेणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते. बऱ्याच गोळ्यांत तिच्यासोबत पॅरासिटामॉल असतं. वर तापाची वेगळी गोळी घेतली, तर पॅरासिटामॉलची मात्रा दुप्पट होऊन यकृतावर बेतते. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं, आणि काहींच्या शरीरात ते जन्मजातच फार झपाट्यानं होतं. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असं बजावलं. घरातलं कोडीनवालं खोकल्याचं औषध लहान मुलाला चमचाभर पाजण्यापूर्वी हे आठवावं.

या औषधांना सर्वांत वाईट जोड दारूची आणि झोपेच्या गोळ्यांची. दोन्हींचा भार त्याच श्वासाच्या केंद्रावर पडतो. पेशंट हाका मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद आणि अंतराअंतरानं येत असेल, घशातून घरघर किंवा वेगळंच घोरणं ऐकू येत असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ‘झोपू दे, दमलाय’ म्हणू नका. १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, औषधाची पट्टी सोबत न्या. नॅलोक्झोन या उताऱ्यानं श्वास परत येतो. पण तो औषधाआधीच ओसरू शकतो, म्हणून पेशंट शुद्धीवर आला तरी दवाखान्यातच थांबायचं.

“सवय लागेल का?” हा प्रश्न घरोघरी असतो. औषध अचानक थांबवलं तर घाम, जुलाब, बेचैनी होते. ती शरीराची सवय, आणि मात्रा हळूहळू उतरवली की ती सुटते. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही औषधाच्या मागे धावणं. तो धोका खरा आहे, आणि जुनाट कंबरदुखीसाठी महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहिल्या तर तो वाढतो. कर्करोगाच्या वेदनेत, नोंद ठेवून घेतलेल्या मात्रेत त्याची भीती बाळगून पेशंटला तळमळत ठेवणं मात्र अन्याय आहे. बद्धकोष्ठ बहुतेकांना होतं आणि ते सरावानं जात नाही. रेचक पहिल्या दिवसापासून हवं.

शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन पेशंटपासून दुरावलं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली. मुंबईत वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात १९८६ पासून अशा पेशंटांची शुश्रूषा होते आहे. टाटा रुग्णालयात वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. ‘आता काही उपाय नाही’ असं ऐकलेल्या घरांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे दोन शब्द डॉक्टरांसमोर उच्चारावेत, आणि ते लवकर उच्चारावेत.

एकदा खालच्या मजल्यावरचे काका गुडघा धरून आले. “तुझ्या त्या जालीम गोळ्यांतली एक दे बाई.” मावशीचा हात डब्याकडे गेला आणि थांबला. “नाही हो काका, ही माझ्या नावची आहे,” ती म्हणाली आणि त्यांच्यासाठी शेकाची पिशवी भरायला सांगितली.

मावशी गेली त्यानंतरच्या आठवड्यात उरलेल्या गोळ्या मी दवाखान्यात परत केल्या. नर्सबाईंनी वही उघडली, रकान्यांवरून बोट फिरवत बेरीज केली, मग पट्ट्या मोजल्या. हिशोब गोळीनिशी जुळला. शेवटच्या पानावर रात्री दहाच्या पुढे मावशीचं अक्षर होतं: ‘झोप लागली.’