नव्या रिपोर्टला जुनी सीडी हवी

तुमसर तालुक्यातल्या आंबागडसारख्या गावातून कॅन्सरच्या उपचारासाठी निघालेला पेशंट बहुधा नागपूर गाठतो. ऑपरेशन एका रुग्णालयात, स्कॅन दुसऱ्याच सेंटरवर, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी पेशंटला पाहिलेलंही नसतं, असं सर्रास होतं. मूत्राशय काढून आतड्यातून लघवीची नवी वाट केलेली असेल, तर हे महागात पडू शकतं. त्या पोटाची रचनाच सर्जनने बदललेली असते. लहान आतड्याच्या साधारण 15 सेंटीमीटर तुकड्यातून लघवी पोटावरच्या पिशवीत सोडण्याची पद्धत सर्जन ब्रिकर यांनी 1950 मध्ये मांडली. आतच पिशवी शिवायची तर आतडं याच्या तिपटीहून जास्त लागतं. पिशवी झालं तरी आतडं आपला स्वभाव सोडत नाही. त्यातून चिकट स्राव येतच राहतो आणि त्याचा गोळा सीटीवर गाठ वाटू शकतो. पिशवी रिकामी असताना स्कॅन काढला, तर आतड्याच्या घड्या जाड झालेल्या भिंतीसारख्या दिसतात.

मग थेट पेट स्कॅनच का करू नये, असं नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्या तपासणीत टोचलेली किरणोत्सारी साखर लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे नवी पिशवी कॅन्सर नसतानाही चमकते. लिम्फच्या गाठी, फुप्फुसं यांच्यासाठी पेट उपयोगी आहे. लघवीच्या वाटेसाठी मात्र सीटीसाठी टोचलेलं कॉन्ट्रास्ट औषध लघवीतून खाली उतरेपर्यंत थांबून काढलेली सीटीची चित्रं जास्त सांगतात.

पण ही चित्रंही ऑपरेशननंतरच्या जुन्या स्कॅनशी ताडून पाहावी लागतात. असं ताडत बसल्याने खरा धोका हातून निसटेल, ही शंका उरतेच. उलट, धोका तिथेच पकडला जातो. डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्यामागून उजवीकडे ओढून जोडावी लागते, म्हणून जोडाशी अरुंदपणा डाव्या बाजूला जास्त आढळतो. तो बऱ्याचदा दुखत नाही. मूत्रपिंड मुकाट्याने खराब होत जातं. रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाला ‘किंचित फुगवटा’ एवढंच येतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या स्कॅनमध्येही तो तेवढाच असेल आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन स्थिर असेल, तर तो लघवी उलटी चढण्याचा परिणाम असू शकतो. तो नवा असेल किंवा वाढला असेल, तर पुढच्या नियमित तपासणीपर्यंत थांबू नये : बहुतेकदा त्यामागे व्रणामुळे आलेला अरुंदपणा निघतो, क्वचित परतलेला कॅन्सर. दोन्हींत उशीर परवडत नाही. म्हणून नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, चित्रांची सीडी लागते. डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘मूत्राशय काढले’ एवढंच असेल, तर कोणत्या प्रकारची वाट केली तेही डिस्चार्जच्या दिवशीच लिहून मागावं.