पडदावेल

पश्चिमेस खिडक्या असलेल्या घरांतील मंडळींस चैत्र-वैशाखांतील तिसरा प्रहर कसा जातो, हें निराळें सांगावयास नको. त्या बाजूच्या खोलींत बहुधा वडील माणसांचें अंथरूण किंवा मुलांच्या अभ्यासाचें मेज असतें, आणि नेमकी तीच खोली दिवेलागणीपर्यंत भट्टीसारखी तापलेली राहते. खिडकीस आंतून जाड पडदा लावला तर प्रकाश कमी होतो खरा. पण उन्हाची धग कांचेंतून एकदां आंत शिरली कीं ती बव्हंशीं खोलींतच कोंडून राहते. ऊन अडवावयाचें तें खिडकीच्या बाहेरच अडविलें पाहिजे. हें काम फार थोड्या खर्चांत करणाऱ्या एका वेलीची माहिती आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हिला पडदावेल म्हणतात. कांहीं माळी व्हर्नोनिया ह्या नांवानेंही ओळखतात. मूळची ती ब्रह्मदेश व थायलंड ह्या बाजूची. शास्त्रज्ञ पूर्वीं हिची गणना व्हर्नोनिया ह्या प्रजातींत करीत. आतां तिचें नांव टार्लमूनिया इलिप्टिका असें आहे. सूर्यफूल, शेवंती, झेंडू ह्यांच्या कुलांतलीच ही. ह्या कुलांत २०,०००हून अधिक जाती आहेत. परंतु त्यांत वेली थोड्याच. ज्यास आपण शेवंतीचें एक फूल म्हणतों, तें वस्तुतः अनेक सूक्ष्म फुलांचें एकत्र कुटुंब असतें. पडदावेलीच्या फुलांची घडणही तीच. मात्र तीं इतकीं लहान कीं, त्यांच्यासाठीं कोणी ही वेल लावीत नाहीं. हिची शोभा आहे ती लांब लोंबणाऱ्या फांद्यांत आणि खालून रुपेरी दिसणाऱ्या पानांत.

लागवडीची मुख्य खूण अशी कीं, ही वेल आपण होऊन भिंत चढत नाहीं. ती वरून उतरते. गोकर्ण आधारास वेढे घालते, काकडी तणाव्यांनीं धरून चढते. पडदावेलीजवळ ह्यांपैकीं एकही साधन नाहीं. भिंतीच्या तळाशीं लावल्यास ती स्वतःच्याच अंगावर गुंतून झुडुपासारखी बसते. म्हणून कुंडी गच्चीवर किंवा वरच्या सज्ज्यांत ठेवून फांद्या कठड्यावरून बाहेर सोडाव्या. ती भिंतींत मुळें रोवीत नसल्यानें गिलाव्यासही धोका पोंचत नाहीं. कुंडी मात्र कठड्यावर कधींही ठेवूं नये; ओल्या मातीचें ओझें आणि वेलीची ओढ ह्यांनीं ती खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर यावयाची. खालच्या मजल्यावर दुसरें बिऱ्हाड असल्यास त्यांची संमति आधींच घ्यावी. आपली शोभा ती त्यांचा काळोख होऊं नये.

पावसाळ्याच्या आरंभीं अर्धवट जून फांदीचे ६ ते ८ इंच लांबीचे तुकडे घेऊन, खालचीं पानें काढून, वाळुमिश्र ओलसर मातींत लावावे. अथवा लोंबती फांदी शेजारच्या कुंडींत मातीखालीं पुरून दाब कलम करावें. मोठी कुंडी १८ इंचांची असावी. तळाशीं खापऱ्या, वर दोन भाग पोयट्याची माती व एक भाग कुजलेलें शेणखत घालावें. ऊन भरपूर हवें. पहिलें वर्षभर नियमानें पाणी द्यावें. पुढें वरची माती सुकल्यावरच. फुलें येऊन गेलीं कीं वेल छाटावी व आंतील वाळलेल्या काड्या झाडून काढाव्या.

छाटलेल्या फांद्यांचें काय करावें, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. मिकानिया मायक्रान्था ही ह्याच कुलांतील, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली वेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत विमानतळ झांकण्यासाठीं ती ईशान्य भारतांत आणली गेली, असें सांगतात. तिच्या पेरांना जागोजाग मुळें फुटतात आणि केसाळ बीं वाऱ्यावर उडतें. आज आसामांतील चहाचे मळे व केरळांतील रानें तिच्या पांघरुणाखालीं गुदमरत आहेत. कोंकणांत माजलेली रानमोडी हीही ह्याच कुलांतली परकी. पडदावेलीनें आपल्याकडे असा उपद्रव केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं; तथापि ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत ती बागेच्या कुंपणाबाहेर पडून वाढूं लागली आहे. तेव्हां तिच्या फांद्या ओढ्याकांठीं किंवा टेकडीवर टाकूं नयेत; उन्हांत कडकडीत वाळवून मगच खताच्या खड्ड्यांत घालाव्या.

एकत्र कुटुंबांत पाणी घालणारे हात पुष्कळ मिळतात, आणि कित्येकदां तेवढ्यानेंच झाडें मरतात. आमची सूचना अशी कीं, पाणी व कात्री हीं दोन्ही एकाच माणसाच्या हातीं द्यावीं. ज्यांच्या खिडकीवर ही सावली पडावयाची, त्यांनींच हें काम पत्करलें तर फारच उत्तम.