लेसरची शक्ति मोजणारें घरगुती यंत्र व त्याची किंमत

थिओडोर मेमन यांनीं अमेरिकेंत १९६० सालीं पहिला लेसर चालवून दाखविला. आज तोच प्रकाश थोडक्या पैशांत मिळणाऱ्या लहानशा नळींतून निघतो. परंतु नळीवर छापलेला आंकडा खराच असतो असें नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०१३ सालीं अशा १२२ नळ्या तपासल्याचें प्रसिद्ध केलें. हिरव्यांपैकीं सुमारें ९० टक्के व तांबड्यांपैकीं सुमारें ४४ टक्के तेथील नियमांत बसल्या नाहींत. तेथील मर्यादा ५ मिलिवॉट आहे. डोळ्याचें भिंग हा प्रकाश एका बिंदूंत गोळा करितें. म्हणून त्याचें माप घरीं कसें घ्यावें, हें आम्ही येथें सांगतों.

प्रकाशाची उष्णता करून ती मोजावयाची, हें यंत्राचें तत्त्व. ४० मिलिमीटर लांब-रुंद व १ मिलिमीटर जाड असा तांब्याचा पत्रा घेऊन त्याच्या दर्शनी बाजूस बिनचकाकीचा काळा रंग द्यावा. पत्र्यामागें पेल्टिअर-चकती व तिच्यामागें ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा उष्णतावाहक लेपानें बसवावा. पत्रा तापला व ठोकळा थंड राहिला, म्हणजे चकतीच्या तारांत विद्युद्दाब उत्पन्न होतो. या गुणाचा शोध थॉमस सीबेक यांनीं १८२१ सालीं लाविला. तो दाब साध्या मल्टिमीटरवर मिलिव्होल्टांत वाचावा. वारा लागूं नये म्हणून सर्व जुळणी डब्यांत घालून समोर एक भोंक ठेवावें.

आतां किती मिलिव्होल्ट म्हणजे किती वॉट, हें ठरविलें पाहिजे. पत्र्याच्या कडेस १०० ओहमचा, २ वॉट सोसणारा रोधक चिकटवून त्यास १० व्होल्ट द्यावे. प्रवाह ०.१ अँपियर होईल, म्हणून उष्णता १ वॉट. आंकडा स्थिर होईपर्यंत थांबावें. समजा, ८० मिलिव्होल्ट आले. मग लेसरनें ४० आल्यास पत्र्यानें अर्धा वॉट गिळला. रंग शेंकडा ९५ भाग प्रकाश गिळतो असें धरल्यास लेसरची शक्ति सुमारें ०.५३ वॉट ठरते. या हिशेबानें ५ मिलिवॉटांस अवघे ०.४ मिलिव्होल्ट येतील. हाताची ऊबहि तेवढें फसवील. तेव्हां ५ व ५० यांतील भेद हें यंत्र सांगेल; ५ व ६ यांतील भेद सांगणार नाहीं.

किंमत ठरवितांना पुष्कळजण केवळ सामान मोजितात. समजा, एका यंत्रास सामान ६०० व मजुरी ३०० रुपये लागली, तर दहांस ९,००० रुपये झाले. त्यांतील एक बिघडलें, तर उरलेल्या नवांवर प्रत्येकीं १,००० रुपये बसतात. नफा त्यावर चढवावा. माप ठरविण्याचा वेळ मजुरींत अवश्य धरावा. तें काम टाळलेलें यंत्र स्वस्त दिलें, तरी घेणाऱ्यास महागच पडेल.

विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग एकट्यानें करूं नये. शिक्षक वा पालक जवळ असावे, त्या लेसरकरितां नेमलेला चष्मा लावावा, आणि किरणाच्या वाटेंत आरसा किंवा चकचकीत भांडें ठेवूं नये. कांहीं हिरव्या नळ्यांतून न दिसणारा अवरक्त प्रकाशहि निघतो. त्यानें पापणी मिटत नाहीं. पत्रा मात्र तापतो.