चारचौघांचें मत

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गांत मीं एक प्रश्न घातला. मतदान कायद्यानें सक्तीचें असावें काय? प्रथम उठला तो वर्गाच्या क्रिकेटसंघाचा नायक. त्यानें ठासून “असावें” म्हटलें मात्र, भराभर हात वर झाले. हात वर करण्यापूर्वीं बहुतेकांनीं फळ्याकडे अगर माझ्याकडे पाहिलें नाहीं, डावीउजवीकडे पाहिलें. मागल्या बांकावरची एक मुलगी हात अर्धा उचलून क्षणभर थांबली. शेजारणीचा हात वर गेलेला तिनें पाहिला, आणि मग आपलाही पुरता उचलला. त्या क्षणांत तिच्या मनांत काय घडलें असावें, हें वाचकांपुढें यथामति मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपलें मत आपण विचारानें बनवितों अशी आपली समजूत असते. वस्तुतः पुष्कळ मतें आपणांस घरच्या भाषेसारखीं नकळत मिळालेलीं असतात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. प्रत्येक गोष्ट मुळापासून तपासावयाची म्हटली तर आयुष्य पुरणार नाहीं. परंतु मनांत एक मत असतां चारचौघांत दुसरें बोलण्याची जी संवय लागते, ती फार घातक.

हिचें बोधप्रद उदाहरण आमच्या मुंबईंतच घडलें आहे. १८४९ सालीं येथें परमहंस मंडळी नांवाची एक सभा स्थापन झाली. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रवर्तकांपैकीं होते. सभासद बहुतेक नवशिक्षित तरुण. ईश्वर एक आहे, जातिभेद खोटा आहे, अशी त्यांची खात्री झालेली. नव्या सभासदानें ख्रिस्ती माणसानें भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांसमक्ष खावा असा नियम असे. परंतु हें सर्व बंद दाराआड! संख्या पुरेशी वाढल्यावर उघड व्हावें असा बेत होता. तोंपर्यंत प्रत्येकजण घरीं जाऊन पूर्ववत् सोंवळें पाळी. अशा गुप्ततेंत होतें काय कीं, प्रत्येकास वाटतें, आपल्या आळींत असें मानणारा मी एकटाच. आणि शेजारच्या माडीवरील तरुणासही तेंच वाटत असेल, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. १८६० च्या सुमारास मंडळीचे कागद चोरीस जाऊन सभासदांचीं नांवें बाहेर फुटलीं, आणि दहाअकरा वर्षें चाललेली ही सभा बहिष्काराच्या भीतीनें विरून गेली.

याच मंडळींत बाबा पदमनजी होते. त्यांनीं १८५४ सालीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेऊन आपलें मत उघड केलें, व पुढें ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रांत आपल्या विचारांचा प्रवास सांगितला. मिशनशाळेंतील शिक्षक या नात्यानें मला त्यांचा अभिमान वाटतो हें मी लपवीत नाहीं; तथापि जे घाबरले त्यांस हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. महायाजकाच्या वाड्यांत शेकोटीजवळ बसलेल्या पेत्रानें एका दासीच्या प्रश्नास भिऊन आपल्या गुरूस नाकारलें होतें, आणि पेत्र कांहीं भित्रा म्हणून प्रसिद्ध नव्हता. १८६७ सालीं दादोबांचे बंधु डॉ. आत्माराम पांडुरंग व त्यांचे स्नेही यांनीं प्रार्थना समाज स्थापिला, तो मात्र उघड. गिरगांवांतील त्या नाक्यास लोक आजही त्याच नांवानें ओळखतात.

पुढें शंभर वर्षांनीं या भीतीचें मोजमाप झालें. सॉलोमन अ‍ॅश या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास एक रेघ दाखवावयाची, व दुसऱ्या तीन रेघांपैकीं तिच्याएवढी कोणती तें विचारावयाचें. मेळाव्यांत खरा परीक्षार्थी एकच. बाकीचे आधीं पढविलेले, आणि ठरल्या वेळीं एकमुखानें चुकीचें उत्तर देणारे. एकट्यास विचारलें असतां ज्यांत क्वचितच कोणी चुके, त्याच प्रश्नांना या परीक्षार्थींनीं सुमारें एकतृतीयांश वेळां समूहाचें चुकीचें उत्तर दिलें! एकदांही न ढळलेले सुमारें चौथा हिस्सा निघाले. मागून विचारपूस करतां कांहीं म्हणाले, आमचेच डोळे चुकत असावेत असें वाटलें. कांहीं म्हणाले, वेगळें दिसण्याचा संकोच वाटला. मेळाव्यांत खरें बोलणारा आणखी एकजण असला, कीं हा दाब एकदम उतरे. उत्तर तोंडीं न देतां कागदावर लिहावयाचें असलें तरीही तो पुष्कळ कमी होई.

रेघेच्या लांबीवर कोणाची भाकरी अवलंबून नसते. लालबाग-परळच्या गिरणीकामगाराची गोष्ट निराळी होती. काम मिळावयाचें तें जॉबरच्या मेहेरबानीनें, निजावयाचें गांवकीच्या खोलींत, जेवण खाणावळींत, आणि अडीअडचणीस उसनवार त्याच मंडळींकडून. तेथें निराळें मत बोलणें म्हणजे डोक्यावरचें छप्परच पणास लावणें. या एकजुटीमुळेंच १९२८ सालीं सुमारें दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपांत टिकले. तिचें मोल मी कमी लेखीत नाहीं. परंतु त्याच एकजुटीखालीं एक गाऱ्हाणें दडपलें गेलें होतें. विणकामखात्यांत पगार अधिक. पण तेथें धोट्यांतील सूत तोंडानें ओढून घ्यावें लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांस त्या खात्यांत शिरूं देत नसत. ही गोष्ट सर्वांस ठाऊक, आणि बोलत कोणी नसे. परळच्या चाळींत राहणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं ती संपाच्या पुढाऱ्यांपुढें उघड मांडली व तिचा आग्रह धरला. ऐन लढ्यांत असा प्रश्न काढणारास काय काय ऐकावें लागतें, याची कल्पना कोणासही करतां येईल.

न्याय्य कार्यांतही हा दाब असतोच. १९५६ च्या जानेवारींत मुंबई केंद्राच्या सत्तेखालीं ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हां गिरगांव पेटून उठलें. त्या लढ्यांत शंभराहून अधिक माणसें बळी पडलीं, आणि १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला. मागणी रास्त होती असेंच मी मानतों. माझे आजोबा तेव्हां गिरगांवांतील एका चाळींत राहत. मागणी त्यांसही मान्य होती; परंतु लोकांचीं दुकानें बळजबरीनें बंद करविणें त्यांस मनापासून नापसंत होतें. तसें ते कोणाजवळ बोलले नाहींत. म्हातारपणीं आम्हांस हें सांगतांना त्यांनीं आवाज अगदीं खालीं आणला होता. भिंतीपलीकडचे ते शेजारी केव्हांच जग सोडून गेले होते!

दुसऱ्या दिवशीं नववीच्या वर्गांत तोच प्रश्न मीं पुन्हा घातला. या खेपेस कोऱ्या चिठ्ठ्या वांटल्या व नांव लिहूं नये असें बजाविलें. आपल्या देशांत १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मत आडोशास देतात तें कां, हेंही सांगितलें. चिठ्ठ्या मोजतां वर्ग जवळजवळ निम्मानिम्म विभागलेला निघाला. क्रिकेटसंघाचा नायक तर मागें वळून सगळ्यांचीं तोंडें न्याहाळूं लागला. मधल्या सुट्टींत ती मुलगी माझ्याकडे आली. “सर, सक्ती नको म्हणणारे इतके आहेत हें काल कळतें, तर मी बोललें असतें.”

“आणि काल पहिली तूंच बोलली असतीस तर?” मीं विचारलें.

ती कांहीं न बोलतां गेली. पुढील शनिवारच्या वादविवादांत विरुद्ध पक्षाचें पहिलें भाषण मात्र तिनें आपण होऊन मागून घेतलें.