पिझ्झा न खाणाऱ्यांचा मधुमेह

मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या आईवडिलांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "त्यांच्याकडे सगळं घरचं असतं हो. पिझ्झा-बर्गरला हात लावत नाहीत. त्यांना कसला डायबेटिस!"

परदेशी जाणारी माणसं बहुधा तरुण आणि धडधाकट असतात. कॅनडात कायम राहायला जाणाऱ्यांची तर वैद्यकीय तपासणीच होते. म्हणून सुरुवातीला ती अनेकदा स्थानिकांपेक्षा निरोगी असतात आणि वर्षं सरतात तशी ही आघाडी घटते. इथवर ठीक. पण या घसरणीचं खापर पिझ्झावर का?

चेन्नई आणि अमेरिकेतल्या चाळिशीपुढच्या भारतीयांची तुलना 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेह चेन्नईत 38 टक्के, अमेरिकेत 24! म्हणजे घरचा सांबार-भात खाणारे पुढे. अमेरिकेतल्या भारतीयांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले मात्र जास्त, तेव्हा त्यांनीही हुरळून जाऊ नये.

गोम आपल्या शरीराच्या ठेवणीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यातली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं वजनाने बरीच कमी, पण चरबी त्या मानाने टिकून. पुढे त्यांनी स्वतःची तुलना जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! असं शरीर घेऊन माणूस दिवसभर खुर्चीत आणि गाडीत बसला, तर तूप-साखरेची पोळी 'घरची' आहे म्हणून मधुमेह सूट देत नाही.

ताटापलीकडेही कारणं असतात. कॅलिफोर्नियातल्या जपानी पुरुषांवरचा मार्मट आणि साइम या संशोधकांचा 1976 चा अभ्यास पाहा. जपानी वळण आणि आपल्या माणसांचा गोतावळा जपणाऱ्यांत हृदयविकार जपानइतकाच कमी होता. अमेरिकी वळणात पुरते मुरलेल्यांत कितीतरी जास्त. आहार, धूम्रपान, रक्तदाब जमेस धरूनही हा फरक उलगडला नाही.

परदेशी गेलेल्यांबद्दल आणखी दोन गैरसमज आहेत. 'स्थलांतरित रोगराई आणतात' : 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2018 च्या आयोगाने हे सपशेल खोडून काढलंय.

'गोऱ्यांना पुरतं तेवढं ऊन आपल्यालाही पुरतं' : नाही. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं; 1970 च्या दशकात ग्लासगोतल्या आशियाई मुलांमध्ये मुडदूस आढळत होता.

तेव्हा पुढच्या व्हिडिओ कॉलवर "काय जेवलात?" याच्या जोडीला कंबरेचं मापही विचारा. पुरुषांत 90 सेंटिमीटर, बायकांत 80 किंवा त्याहून जास्त असेल, तर वजन काहीही असो, रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगा. आणि मोजपट्टी हाताशी आहेच, तर स्वतःचीही कंबर मोजा.