शिरूर अनंतपाळची तूर आणि रंगूनचा भाव

शिरूर अनंतपाळ तालुक्यात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असतेच. दोन्ही बरोबरच पेरतात. सोयाबीन दसरा-दिवाळीला निघते आणि सणाचा खर्च, रब्बीचं बी, कृषी सेवा केंद्राची उधारी यांतच तिचा पैसा संपतो. तूर मात्र रानात उभी राहते आणि डिसेंबरअखेर ते जानेवारीत कापणीला येते. वर्षाच्या डाळीपुरती घरात ठेवून बाकीची लातूर, उदगीर किंवा निलंग्याच्या बाजारात जाते. तिथे आडतीवर जो भाव निघतो, त्यावर मोठं वजन पडतं ते दोन हजार किलोमीटर दूरच्या म्यानमारचं. हा भाव कसा बनतो हे शेतकऱ्याला सहसा कुणी उलगडून सांगत नाही. ते हिशेबाने समजून घेण्यासारखं आहे, आणि हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे.

म्यानमारच्या मध्यभागी मंडाले, मग्वे आणि सगाईंग हा कोरडवाहू पट्टा आहे. अराकानच्या डोंगरांनी अडवल्यामुळे तिथे पाऊस कमी पडतो, जसा सह्याद्रीने अडवल्यामुळे आपल्याकडे कमी पडतो. मंडाले आपल्याला माहीत आहे ते लोकमान्य टिळकांच्या १९०८ ते १९१४ या तुरुंगवासामुळे. आज त्याच मुलखातली तूर आणि उडीद आपल्या ताटात येतात. तिथल्या लोकांच्या जेवणात तुरीला फारसं स्थान नाही. ती पिकते मुख्यतः भारतासाठी. त्यामुळे भारताने दार किलकिलं केलं किंवा लावलं, की तिथल्या शेतकऱ्याचा भाव त्याच आठवड्यात हलतो.

भारताला ही तूर लागतेच. आपला खप आपल्या पिकापेक्षा जास्त आहे आणि पाऊस हुकला की तफावत वाढते. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी मोझांबिकशी करार झाला. २०२१ मध्ये म्यानमारशी सामंजस्य करार झाला: २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षं, दरवर्षी १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद, खासगी व्यापाऱ्यांमार्फत. मलावीकडून ५० हजार टन तुरीचंही त्याच वर्षी ठरलं.

आता सौदा कसा होतो ते पाहू. मुंबई किंवा चेन्नईचा आयातदार रंगूनच्या निर्यातदाराशी डॉलरमध्ये भाव ठरवतो, तोही टनाला आणि आपल्या बंदरापर्यंतच्या भाड्यासकट. या मालाला बाजारात ‘लेमन तूर’ म्हणतात. रंगूनच्या गोदामात ती चाळून, धुरी देऊन, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्रासह कंटेनरमध्ये भरतात. वीस फुटी कंटेनरात साधारण २४ टन माल बसतो. पूर्वी याचे पैसे डॉलरमध्ये, बरेचदा सिंगापूरमार्गे फिरत. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर डॉलरची चणचण वाढली, परकीय चलनावर निर्बंध आले आणि व्यवहार अडखळू लागले. म्हणून २०२४ च्या जानेवारीत पंजाब नॅशनल बँकेतल्या विशेष रुपया खात्यातून थेट रुपया आणि क्याट यांत पैसे चुकते करण्याची सोय झाली. सौदा रुपयात मिटला तरी भावाची बोली अजून डॉलरच्याच भाषेत चालते, म्हणून डॉलर समजून घ्यावा लागतो.

लातूरचा डाळमिलवाला रोज सकाळी एकच गणित करतो: पडतळ. समजा लेमन तूर टनाला ८०० डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांना. टनाचे झाले ६८,००० रुपये, म्हणजे क्विंटलला ६,८००. त्यात बंदरावरची हमाली, सोडवणूक, व्याज आणि लातूरपर्यंतचं ट्रकभाडं मिळून ३०० रुपये धरा. परदेशी तूर त्याच्या मिलच्या दारात ७,१०० ला पडली. मग शिरूरच्या तुरीसाठी तो किती मोजेल? दाणा टपोरा असेल, ओल १२ टक्क्यांच्या आत असेल, डाळीचा उतारा चांगला असेल तर काही जास्त. पण ७,१०० च्या फार वर तो जाणार नाही, कारण शेजारच्या मिलने लेमन भरली तर त्याची डाळ महाग ठरेल. ही आकडेमोड उदाहरणापुरती आहे. त्या त्या आठवड्याचे आकडे घातले की ती कुणालाही करता येते.

याच गणितात रुपया तीनने घसरून डॉलर ८८ वर गेला असं धरा. आयात तूर क्विंटलला २४० रुपयांनी महागली. लातूरला काहीच घडलेलं नसताना तुरीत तेजी येते, तिचं कारण अनेकदा हेच असतं.

आता शुल्क. आख्ख्या तुरीवर १० टक्के आयातशुल्क होतं. मार्च २०२३ मध्ये केंद्राने ते काढून टाकलं. आपल्या उदाहरणात १० टक्के म्हणजे क्विंटलला ६८० रुपये. ते लागू असतं तर तीच तूर ७,७८० ला पडली असती. २०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव आहे ८,००० रुपये. म्हणजे अशा भावाने माल येत असेल तर शुल्क लावूनही तो हमीभावाच्या खालीच राहतो, आणि शुल्क नसेल तर ९०० रुपये खाली. एका हाताने हमीभाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याहून स्वस्त मालाला मोकळी वाट द्यायची, तर मग नाफेडचं खरेदी केंद्र वेळेवर आणि पूर्ण क्षमतेने चालवणं ही सरकारची जबाबदारी ठरते. बारदाना संपला म्हणून काटा बंद पडला, की ८,००० हा आकडा कागदावरच राहतो.

या धोरणाचे झोके शेतकऱ्याने सोसलेले आहेत. २०१६-१७ मध्ये देशात तुरीचं पीक ४८ लाख टनांवर गेलं, आयातही चालू होती, आणि ५,०५० च्या हमीभावासमोर बाजार कितीतरी खाली गेला. त्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांपुढे वाहनांच्या रांगा लागल्या. पीक घरातून गेल्यावर, ऑगस्ट २०१७ मध्ये, आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली. ती मे २०२१ मध्ये उठली आणि आयात खुली झाली. पुढे या खुल्या आयातीची मुदत वाढतच गेली. जून २०२३ मध्ये साठामर्यादाही आली, तेव्हा गोदामात माल ठेवणारा व्यापारीही खरेदीला हात आखडून बसला.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेळेची. मोझांबिक, मलावी, टांझानियाची तूर ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुढे येते. तेव्हा आपल्याकडची जुनी तूर संपत आलेली असते आणि नवी रानात असते. ती आयात गरजेची आहे, तिने शेतकऱ्याचं फारसं बिघडत नाही. म्यानमारची कापणी मात्र आपल्याबरोबरच होते आणि तिचा माल आपल्या आवकेच्या ऐन भरात बंदराला लागतो. म्हणून शुल्क वर्षभर ठेवायचं की काढायचं, या वादापेक्षा जानेवारी ते मार्च शुल्क आणि पुढे सूट, अशी हंगामी व्यवस्था मला न्याय्य वाटते. यावर आक्षेप असा की रंगूनचा माल गोदामात थांबेल आणि एप्रिलमध्ये येईल. येऊ द्या. तोवर पाच-दहा पोती विकणाऱ्या माणसाची तूर विकून झालेली असते, आणि राखण तिचीच करायची आहे.

सरकारने काहीही ठरवलं तरी शेतकऱ्याच्या हातात एक साधन आहे: शेतमाल तारण योजना. पणन मंडळाच्या या योजनेत बाजार समितीच्या गोदामात तूर ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. सोयाबीनने गरज भागवलेली असेल तर जानेवारीची तूर थांबवणं शक्य होतं. पण थांबण्याआधी वरचं गणित करावं. लेमनचा डॉलरभाव उतरत असेल आणि रुपया स्थिर असेल, तर व्याज भरून थांबण्यात तोटाच आहे.

उलट्या दिशेने, म्हणजे बाहेर विकण्याचं काय? २००६ पासून डाळींच्या निर्यातीवर बंदी होती. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तुरीची वाट मोकळी झाली. म्यानमारला तूर विकण्यात अर्थ नाही, पण डाळ करून आखातात विकण्यात आहे, कारण तिथे वरण-सांबार खाणारी आपली माणसं आहेत. संयुक्त अरब अमिरातीशी १ मे २०२२ पासून व्यापार करार लागू आहे. आणि शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मानांकनाच्या हद्दीतल्याच शेतकऱ्यांना ते नाव वापरता येतं. शिरूरच्या शेतकरी उत्पादक कंपनीला आपली डाळ स्वतःच्या नावाने, निवडलेल्या वाणावर उभी करावी लागेल. बदनापूर केंद्राचा बीडीएन ७११ हा लवकर येणारा पांढरा वाण आणि बीएसएमआर ७३६ हा मर व वांझ रोगाला दाद न देणारा लाल वाण, दोन्ही आपल्याकडे लावले जातात. निर्यातीच्या मालात ते मिसळू नयेत, कारण ग्राहक दाण्याचा सारखेपणा पाहून भाव देतो.

कागदपत्रं फार नाहीत: विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची नोंदणी, अन्नसुरक्षा परवाना, धुरीचा दाखला. अवघड आहे ते न्हावा-शेवाला पाठवायचा पहिला कंटेनर एकाच प्रतीच्या डाळीने भरणं. क्विंटलभर तुरीची ७० ते ७५ किलो डाळ होते, म्हणजे कंटेनरात २० टनच डाळ धरली तरी २७-२८ टन तूर लागते. एकरी चार क्विंटल धरली तर ती सत्तर एकरांची झाली, एकाच वाणाची, एकाच वेळी वाळवलेली. एवढं रान जूनमध्येच, पेरणीआधी, सभासदांच्या सह्यांनिशी ठरवून ठेवावं लागतं.